त्या आसनावरून उठा

प्रार्थनेच्या नावाखाली जे चाललं आहे ते आता बंद करा. ‘एका बहिणीसाठी विनंती आहे, नाव घेत नाही,’ अशी सुरुवात करायची. मग ती कोणत्या गल्लीत राहते, नवरा कुठे नोकरीला, मूल कोणत्या शाळेत, हे सगळं असं सांगायचं की खोलीतल्या लहान पोरीलाही नाव कळावं. डोळे मिटलेले, हात जोडलेले, शेवटी सगळ्यांचं मिळून आमेन. प्रभूचं नाव घेऊन तुम्ही एका बाईची अब्रू आपसात वाटून घेता आणि आज सभेत फार आशीर्वाद मिळाला असं म्हणत घरी जाता.

तुम्ही माझ्या शब्बाथशाळेत शिकलेली माणसं आहात. आज कोणी पंच आहात, कोणी महिला मंडळ सांभाळता, कोणी तरुण संघ चालवता. बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं जपून मी तुमच्याशी बोलणार नाही. डोंगरावरचं प्रवचन, मत्तयाचे पाच ते सात अध्याय, तुमच्यातल्या कितीतरी जणांना तोंडपाठ होते. नाताळच्या कार्यक्रमात उभं राहून म्हटलेत, टाळ्या घेतल्यात, बक्षिसं घेतलीत. सातवा अध्याय कशानं सुरू होतो ते मला सांगा. दुसऱ्याला दोषी ठरवू नका, या आज्ञेनं. त्यामागचं कारणही तिथेच दिलं आहे: ज्या मापानं तुम्ही मोजाल त्याच मापानं तुम्हाला मोजलं जाईल. पाठ करताना एक काना चुकला तरी मी तुम्हाला पुन्हा म्हणायला लावत होते. आता आख्खी आज्ञा चुकते आहे आणि तुम्हाला कोणी थांबवत नाही.

सासरहून मुलाला घेऊन माहेरी परत आलेली ती मुलगी. ती का आली, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक आहे म्हणजे तिच्या तोंडून ऐकलं आहे? एकानंही नाही. तिच्या दारात कोणी गेलं नाही. तिच्याविषयीचा निकाल मात्र तुमच्या घराघरांत लागला. कोणी म्हणालं स्वभाव तिखट, कोणी म्हणालं शिक्षण जास्त झालं, कोणी म्हणालं मुळात प्रार्थनेचं जीवनच नाही. ती उपासनेला आली की शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद होण्याआधी उठून जाते. गेल्या प्रभुभोजनाला ती थांबली नाही. प्रभूच्या मेजावरून तिला प्रभूनं उठवलं नाही. तुमच्या नजरांनी उठवलं.

योहानाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट काढा. व्यभिचारात धरलेल्या बाईला ओढत आणलं, मध्ये उभं केलं आणि प्रभूला विचारलं, हिचं काय करायचं. मोशेच्या नियमशास्त्रात अशा गुन्ह्याची शिक्षा दोघांनाही सांगितली आहे, पुरुषाला आणि बाईला. तिला प्रत्यक्ष कर्म करताना धरलं म्हणतात, मग तो पुरुष कुठे होता? त्याला कोणी आणलं नाही. दोन हजार वर्षांनंतर आपल्या मंडळीत तेच चाललं आहे. घर मोडलं, की बाई का परत आली हा प्रश्न सगळे विचारतात. तिचा नवरा काय करत होता, तिनं मार खाल्ला का, तिच्या पगाराचं काय होत होतं, यातलं काहीच कोणी विचारत नाही. आणि त्या गोष्टीतला शेवट नीट वाचा. प्रभूनं पाप नसलेल्यानं पहिला दगड टाकावा म्हटल्यावर सगळे निघून गेले, आणि त्यात सर्वांत आधी गेले ते वयानं मोठे. केस पांढरे झालेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. आपल्याकडे तेच सर्वांत शेवटी जागा सोडतात.

आता तुम्ही मला उत्तर द्याल, आणि ते काय असेल हे मला माहीत आहे. ‘बाई, मग पापाला पाप म्हणायचंच नाही का? मत्तयाच्या त्याच सातव्या अध्यायात प्रभूनं खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखा म्हणून सांगितलं आहे. डुकरांपुढे मोती टाकू नका असंही सांगितलं आहे. डोळे मिटून बसा असं तो म्हणाला नाही.’ बरोबर आहे, म्हणाला नाही. पण पुढचं वचन मागच्या वचनातून सुटायला वापरू नका. मेंढराच्या वेषात येऊन कळपात शिरणाऱ्या शिक्षकाला ओळखायचं आहे, कारण त्याच्यामागे जायचं की नाही हे तुम्हाला ठरवायचं असतं. शेजारणीच्या मनात काय आहे हे ठरवण्याचा परवाना त्यात नाही. फळ दिसतं, मूळ दिसत नाही, आणि तुम्ही बोलता ते सगळं मुळाविषयी: तिला गर्व आहे, त्याच्यात विश्वास नाही, तो नावाचाच ख्रिस्ती. हे तुम्हाला कुठून कळलं?

कुसळ आणि मुसळाच्या दाखल्यात शेवटी काय आहे, तेही तुम्ही विसरलात. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं प्रभू म्हणतो. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. पण डोळ्यातलं कुसळ रस्त्याच्या पलीकडून निघत नाही. त्या माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की त्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो. त्यानं मान वर करून, डोळा उघडा ठेवून, आपल्या हातावर विश्वास टाकावा लागतो. तुमच्या हातावर असा विश्वास टाकेल असं मंडळीत कोण उरलं आहे, याचा आज रात्री झोपण्याआधी विचार करा.

जाण्याची रीतही प्रभूनं सांगून ठेवली आहे, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात, अगदी पायरी पायरीनं. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जा, तो आणि तू दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. तुम्ही तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करता आणि पहिल्या पायरीवर कधी येतच नाही. का येत नाही तेही मी सांगते. एकट्यानं गेलं की त्याचं ऐकून घ्यावं लागतं. कदाचित आपलंच चुकलं असं निघतं. कदाचित त्याला पैशांची, औषधाची, मुलाच्या फीची गरज आहे असं कळतं आणि मग आपल्याला काहीतरी द्यावं लागतं. पाठीमागे बोलायला काही द्यावं लागत नाही. तुमच्या या बोलण्याला तुम्ही पवित्रतेची काळजी म्हणता. ही काळजी असती तर तुम्ही त्याच्या दारात गेला असता.

त्या तीन पायऱ्यांनंतर प्रभू म्हणतो, मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखा होवो. हे वचन तुम्हाला फार आवडतं. पण प्रभू जकातदारांशी कसा वागला? त्यांच्या घरी जेवला, आणि त्यावरूनच परूशी त्याच्यावर चिडले. ज्या शुभवर्तमानात हे वचन आहे त्यालाच एका जकातदाराचं नाव आहे.

पौलाचा दाखला देऊ नका असं मी म्हणत नाही, पण द्यायचा तर पुरा द्या. करिंथात एक माणूस बापाची बायको ठेवून राहत होता. ती कुजबुज नव्हती. सगळ्यांना उघड माहीत होतं, आणि मंडळी त्याची लाज वाटून घेण्याऐवजी फुगून बसली होती. पौलानं सगळ्या मंडळीला एकत्र जमून, उघडपणे, त्याला बाहेर काढायला सांगितलं, आणि हेतूही सांगितला: त्याचा आत्मा तारला जावा. तिथेच शेवटी तो म्हणतो, बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, ते देव बघेल. तुम्ही दोन्ही उलट करता. शेजारचे हिंदू, मुसलमान, बौद्ध कसे जगतात यावर तुमचा निकाल तयार असतो, आणि आतल्या उघड पापाबद्दल सगळे गप्प. पुढे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल शिक्षा झालेल्या एका माणसाविषयी लिहितो. तो हाच की दुसरा, यावर पंडित वाद घालतात. तो वाद त्यांच्याकडे राहू द्या. पौल म्हणतो, झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. आपल्या मंडळीनं ज्यांना बाजूला टाकलं, त्यांच्यापैकी एकाला तरी आपण परत जाऊन धीर दिला का? मला आठवत नाही.

दिवाळीच्या फराळावरून यंदा जे झालं त्याविषयी मला बोलायचंच आहे. शेजारणीनं दिलेलं ताट एकानं घेतलं, दुसऱ्यानं परत पाठवलं, आणि त्यावरून तुमच्यात दोन तट पडले. घेणारा म्हणतो परत पाठवणारा अडाणी, त्याचा विश्वास कच्चा. परत पाठवणारा म्हणतो घेणारा बाटला. हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा काढलेला नाही. रोमच्या मंडळीत कोणी सगळं खात होतं, कोणी फक्त भाजीपाला. कोणी एक दिवस पवित्र मानत होतं, कोणी सगळे दिवस सारखे. पौलानं चौदाव्या अध्यायात दोघांनाही वेगवेगळं झापलं आहे, ते नीट बघा. खाणाऱ्याला तो सांगतो, न खाणाऱ्याला तुच्छ मानू नको. न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याला दोष लावू नको. सुटलेल्याची मिजास आणि पाळणाऱ्याचा कडकपणा ही दोन पापं आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच सभेत केलीत. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असं पौल विचारतो. त्याचा धनी आहे ना वर, तो त्याला उभा ठेवील.

आपल्याच माणसांचा इतिहास तुम्ही वाचला असता तर हे मला सांगावं लागलं नसतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटिज इथे झाला. तिथेही त्यांनी शाकाहार सोडला नाही. मंडळीनं सांगितलेलं मत स्वतः शास्त्र वाचून पटल्याशिवाय त्या मानायला तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. त्या बाईचं रमाबाईंवर प्रेम होतं, यात मला शंका नाही. पण जिथे सदसद्विवेक होता तिथे त्यांना गर्व दिसला, जिथे प्रश्न होते तिथे हट्ट दिसला. त्या दोघींची पत्रं 1977 साली पुस्तकरूपानं छापली गेली आहेत. वाचा. प्रेम करणारं माणूसही किती सहज न्यायाधीश होतं, हे मी वर्गात तासभर बोलून सांगू शकले नसते तितकं त्या पत्रांतून कळतं.

आणि परत आल्यावर काय झालं? 1889 साली मुंबईत रमाबाईंची मुलींची शाळा, शारदा सदन, निघाली, पुढल्या वर्षी पुण्याला गेली. हिंदू समाज म्हणाला, ही मुलींना बाटवते. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. ख्रिस्ती लोकांतून आरोप नेमका उलटा होता, की ही बाई शाळेत धर्म शिकवतच नाही, हिचा विश्वास पातळ. दोन्ही बाजूंनी निकाल लागत राहिले. त्या बाई दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या, मरायला टेकलेल्या मुली गोळा करून आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. विश्वास पातळ म्हणणाऱ्यांची नावं आज कोणाला आठवतात?

दुसरं उदाहरण तर आपल्या नगरचं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षं तुम्ही कधी डोळ्यांपुढे आणलीत का? आधी त्या नवऱ्यापासून दूर, पंढरपूरला राहिल्या, मग नवऱ्याच्या घरी आल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ख्रिस्ती कवीच्या घरात हिंदू बायको, वेगळ्या चुलीवर. टिळक तापट माणूस, पण त्यांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. ती स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेनं आली. ‘स्मृतिचित्रे’त तिनं ते सगळं लिहून ठेवलं आहे. त्या काळी तुम्ही नगरच्या मंडळीत असता, तर टिळकांच्या घरासाठी दर बुधवारी विनंती मांडली असती, आणि लक्ष्मीबाई दुसऱ्या वर्षीच पंढरपूरला परत गेल्या असत्या. टिळकांनी अपुरं ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. तुम्ही ज्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला नजरेनं उठवता, तिच्या हातून देवाला काय करून घ्यायचं आहे हे तुम्हाला माहीत नाही.

सगळ्यांत जुना निकाल मात्र तुम्ही बोलून दाखवत नाही, तो सोयरीक ठरवताना बाहेर येतो. नगर जिल्ह्यातली आपली बहुतेक घरं महार-मांग समाजातून प्रभूकडे आली. आजोबांनी, पणजोबांनी गावाच्या शिव्या खाल्ल्या, पाणी तोडलं गेलं, तरी ते उभे राहिले. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणं हीच त्या काळी केवढी मोठी साक्ष होती. त्यांची नातवंडं आज मुलगी बघायला जाताना हळूच विचारतात, ‘मूळचे कुठले?’ पेत्राला परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी पाठवण्याआधी देवाला हाच भेद मोडण्यासाठी तीनदा दृष्टान्त दाखवावा लागला. तुम्हाला किती वेळा दाखवायचा?

आता दुसरी बाजू, आणि ही मी मुद्दाम सांगते आहे, कारण माझे शब्द वापरून उद्या कोणी भलत्याच माणसाला पाठीशी घालेल. ‘दोष लावू नका’ हे वचन आपल्याकडे सगळ्यांना सारखं लागू होत नाही. टाकलेल्या बाईला, दारू सुटत नसलेल्या हमालाला, नापास झालेल्या पोराला दोष लावला जातो; आणि ज्याच्या हातात हिशेबाची वही आहे, ज्याचा पंचमंडळात शब्द चालतो, त्याच्याबद्दल कोणी तोंड उघडलं की लगेच हे वचन बाहेर येतं. मंडळीच्या जागेचा, वर्गणीचा हिशेब मागणं म्हणजे न्याय करणं नव्हे. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला थांबवणं म्हणजे न्याय करणं नव्हे. मुलांच्या अंगाला हात लावणाऱ्या माणसाची पोलिसांत तक्रार करणं हे तर कर्तव्य आहे, आणि तिथे ‘आपसात मिटवू, क्षमा करू’ म्हणणारा पाळक असो की पंच, तो त्या लेकरासमोर दोषी आहे. प्रभू परूश्यांवर मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात किती कडक बोलला ते पाहा: विधवांची घरं गिळता आणि दाखवायला लांबलचक प्रार्थना करता. तो बोलला बलवानांना, तोंडावर, भर लोकांत. तुम्ही बोलता दुबळ्यांबद्दल, पाठीमागे, डोळे मिटून.

याकोब म्हणतो, नियमशास्त्र देणारा आणि न्यायाधीश एकच आहे, तोच तारायला आणि नाश करायला समर्थ आहे. त्या आसनावर दुसऱ्या कोणाला जागा नाही. तुम्ही तिथे जाऊन बसला आहात, आणि बसून इतके दिवस झालेत की ती जागा तुम्हाला आपलीच वाटू लागली आहे. उठा तिथून.

आता काय करायचं ते ऐका. प्रार्थनासभेत कोणाचं नाव, पत्ता, खूण काहीही घ्यायची असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं. त्यानं हो म्हटलं तर घ्यायचं, नाही म्हटलं तर घरी गुडघे टेकून देवाला सांगायचं. देवाला पत्ता लागतो. फराळावरून भांडलेल्या दोघांनी या प्रभुभोजनाआधी एकमेकांच्या घरी जेवायचं, ज्याला जे चालतं ते वाढायचं. पंचांनी येत्या बैठकीत वर्षाचा हिशेब मंडळीपुढे वाचायचा, कोणी मागायची वाट बघायची नाही.

आणि त्या मुलीकडे दोघींनी जायचं. चौघी नको, शिष्टमंडळ नको. बायबल पर्समध्येच राहू द्या. का परत आलीस हे विचारायचं नाही. तुम्ही तिची इतके दिवस विचारपूस केली नाहीत, याची माफी मागायची, आणि तिच्या मुलाला शाळेत सोडायला, तापात दवाखान्यात न्यायला, नोकरीच्या अर्जावर सही द्यायला कोण येईल ते तिथेच ठरवून यायचं. तिनं दार उघडलं नाही तर परत या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. उघडलं, ती बोलली, रडली, काही सांगितलं, तर ते तिच्या उंबऱ्याच्या आत ठेवून या. मलाही येऊन सांगू नका.